लांब इंग्रजी शब्दावर जीभ अडते? शब्द शेवटाकडून उलगडा

वाक्य सुरळीत चाललेलं असतं. मध्येच पाच-सहा सिलॅबलचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या पाच-सहा तुकड्यांचा, इंग्रजी शब्द येतो आणि जीभ अडखळते. किंवा अडखळत नाही, पण समोरचा “काय म्हणालात?” असं विचारतो. मग आपण तोच शब्द सुटा सुटा करून, प्रत्येक अक्षर स्वच्छ लावून पुन्हा सांगतो, आणि त्याला आता आधीपेक्षाही कमी कळतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. उच्चार जितका “स्पष्ट” केला तितका शब्द ओळखू येईनासा झाला, म्हणजे बिघाड ध्वनींमध्ये नाही, शब्दाच्या घडणीत आहे.

हीच अडचण आणखी काही रूपांत भेटते. एका शब्दाचा उच्चार बरोबर येतो, पण त्याच घराण्यातला दुसरा शब्द चुकतो. स्पेलिंगमध्ये एक सी की दोन, एक आर की दोन, हे दर वेळी विसरायला होतं. लांब शब्द मनात पूर्ण असतो, पण बोलताना मधलं एखादं सिलॅबल गळून जातं. वरवर या वेगवेगळ्या तक्रारी वाटतात. मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण निघतं.

पुढे उच्चार देवनागरीत दिले आहेत, ते असे वाचा. आडव्या रेघेने सिलॅबल वेगळे केले आहेत. ज्या सिलॅबलवर आघात (स्ट्रेस) आहे त्याच्या आधी शब्दकोशात असते तशी छोटी उभी रेघ आहे. पाय मोडलेलं व्यंजन मोडकंच उच्चारायचं, आणि पाय न मोडलेल्या अक्षरात आपला नेहमीचा “अ” आहेच असं समजायचं. उदाहरणार्थ डेव्हलपमेंटचा इंग्रजी उच्चार डि-'व्हे-लप्-मन्ट्.

बिघाड नेमका कुठे आहे

मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण मान मिळतो. “महाविद्यालय” म्हणताना आपण कुठलंही सिलॅबल गिळत नाही, आणि जोर इकडचा तिकडे गेला तरी अर्थ बदलत नाही. इंग्रजीत लांब शब्दातलं एक सिलॅबल राज्य करतं. ते लांब असतं, त्यावर आवाजाची पट्टी बदलते, आणि त्याचा स्वर पूर्ण उमटतो. बाकीची बहुतेक सिलॅबल आखडती होतात आणि त्यांचे स्वर विरून एका धूसर स्वरावर येतात. हा धूसर स्वर जवळजवळ आपला “अ” आहे. शब्दकोशात तो उलट्या केलेल्या लहान “ई” अक्षरासारख्या चिन्हाने दाखवतात.

केनेथ पाइक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली भाषांचे लयीवरून दोन गट मांडले: एक गट आघाताच्या ठेक्यावर चालणारा, दुसरा सिलॅबलच्या ठेक्यावर. इंग्रजी पहिल्या गटात धरली गेली. पुढे प्रत्यक्ष मोजमापं झाली तेव्हा दोन आघातांमधलं अंतर इतकं समान निघालं नाही, पण इंग्रजी ऐकणाऱ्याचा कान आघाताचं सिलॅबल पकडून शब्द ओळखतो, एवढं शिकणाऱ्याला पुरेसं आहे. आघात चुकीच्या जागी पडला की तो मनात भलत्याच शब्दाचा शोध सुरू करतो. आणि सगळीच सिलॅबल सारखी वाजली की शोध कुठून सुरू करावा हेच त्याला उमगत नाही. हळू आणि सुटं सांगितल्यावर शब्द आणखी हरवतो तो यामुळे.

मराठी माणसाच्या बाबतीत यातली चांगली बाजू कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. इंग्रजीला हवा असलेला “अ” आपल्या तोंडात जन्मापासून आहे. कितीतरी भाषा बोलणाऱ्यांना तो स्वर नव्याने कमवावा लागतो. आपण तो वापरत नाही, कारण आपण इंग्रजी शब्द स्पेलिंगवरून देवनागरीत मनात उतरवून ठेवलेला असतो: ओ दिसला की ओ, ए दिसला की ए किंवा ॲ. क-'मि-टी या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये पहिला स्वर ओ आहे म्हणून “कॉमिटी” म्हणणारे भेटतात. तिथे हवा असतो फक्त “क”.

एक खुलासा इथेच करतो. मराठीत बोलताना डेव्हलपमेंट, कमिटी, फोटोग्राफी हे शब्द मराठी झालेले आहेत आणि त्यांचा मराठी उच्चार शंभर टक्के बरोबर आहे. तो बदलायला जाऊ नका. हा सगळा खटाटोप इंग्रजी बोलताना लागू.

आघात म्हणजे जोर, ही समजूत आधी सोडा

“स्ट्रेस द्या” म्हटलं की बहुतेक जण त्या सिलॅबलवर आवाज चढवतात. बाकीची सिलॅबल मात्र जशीच्या तशी ठणठणीत राहतात, मग फरक पडत नाही. आपल्याला ऱ्हस्व-दीर्घाची चांगली जाण आहे, ती इथे कामाला लावा. आघाताचं सिलॅबल दीर्घ करा, इतर सिलॅबल ऱ्हस्व करा, आवाज वाढवूच नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी ज्यांना वर्षानुवर्षं “जोर द्या” सांगून उपयोग झाला नव्हता, त्यांना “लांबवा” सांगितल्यावर लगेच जमलं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. आणि खरी मेहनत लांबवण्यात नसून बाकीच्या सिलॅबलना आखडतं करण्यात आहे.

उपाय: शब्द उजवीकडून बघा

आपण शब्द डावीकडून वाचायला लागतो आणि पहिल्याच सिलॅबलवर जोर टाकून मोकळे होतो. आघात कुठे पडणार याचा निर्णय मात्र लांब शब्दांत बहुधा शेवटचा प्रत्यय घेतो. म्हणून लांब शब्द दिसला की नजर आधी शेपटाकडे न्या. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ साली इंग्रजीची ध्वनिव्यवस्था मांडली, तेव्हा शब्दावरचा आघात मोठ्या प्रमाणात नियमांनी सांगता येतो हे दाखवण्यावर त्यांचा भर होता. त्यांचे नियम फार तांत्रिक आहेत. रोजच्या वापराला त्यातला थोडाच भाग लागतो, पण तो थोडा भाग हजारो शब्दांवर चालतो.

राजकारणाचं घराणं घ्या. 'पॉ-ल-टिक्स्. प-'लि-टि-कल्. पॉ-ल-'टि-शन्. मूळ एकच, आणि आघात पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकला. त्याबरोबर स्वरही बदलले: पहिलं सिलॅबल कधी “पॉ”, कधी नुसतं “प”. ज्याने “पॉलिटिक्स” पाठ करून ठेवलं आणि बाकीचे दोन शब्द त्यावरूनच बोलायला घेतले, तो प्रत्येक वेळी “पॉ”वर उतरतो. एक शब्द बरोबर आणि त्याचे भाऊबंद चूक, या तक्रारीचं उगमस्थान हे.

प्रत्ययांचा सगळ्यात मोठा गट स्वतःच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर आघात ओढून घेतो. शन किंवा झन असा उच्चार असलेले टी-आय-ओ-एन आणि एस-आय-ओ-एन, तसंच इक, इकल, इटी, इफाय, इयन, इयस, आणि शास्त्रांच्या नावांतले लॉजी, ग्राफी, मेट्री, क्रसी. कम्युनिकेटचा आघात क-'म्यू-नि-केट् असा, पण शन लागल्याबरोबर क-म्यू-नि-'के-शन्. 'डे-म-क्रॅट् वरून डि-'मॉ-क्र-सी आणि डे-म-'क्रॅ-टिक्. साय-'कॉ-ल-जी वरून साय-क-'लॉ-जि-कल्. इथे “लॉजी” शब्दात “लॉ” दिसत असला तरी सायकॉलॉजीमध्ये तो फक्त “ल” आहे, आघात त्याच्या आधीच्या “कॉ”वर आहे. हा एक गट पक्का झाला तर लांब शब्दांतली मोठी अडचण संपते. म्हणून सुरुवात इथून करा आणि इथे घाई करू नका.

दुसरा गट आघात स्वतःवरच घेतो: व्हॉ-लन्-'टिअर्, एन्-जि-'निअर्, जॅ-प-'नीझ्. संख्येने लहान गट आहे. कमिटी याच गटातला वाटतो, शेवटी दोन ई आहेत म्हणून, पण तो अपवाद आहे. एम्प्लॉयी शब्दाला दोन्ही उच्चार चालतात.

तिसरा गट आघाताला हातच लावत नाही. नेस, लेस, फुल, ली, शिप, हूड, मेंट, इंग, आणि क्रिया करणाऱ्याचा अर. मूळ शब्दाचा आघात जिथे होता तिथेच राहतो, पुढे कितीही शेपूट वाढू दे. डि-'व्हे-लप् ला मेंट लागला तरी डि-'व्हे-लप्-मन्ट्. एबल बहुधा याच गटात असतो, मात्र 'कॉम्-प-र-बल्, 'ॲड्-म-र-बल्, 'प्रे-फ-र-बल् हे तीन शब्द वेगळे लक्षात ठेवावेत; मूळ क्रियापदात आघात दुसऱ्या सिलॅबलवर आहे आणि इथे तो पहिल्यावर येतो.

प्रत्यय एकावर एक चढले तर? सगळ्यात शेवटी लागलेला, आघात हलवू शकणारा प्रत्यय जिंकतो. 'ने-शन् पासून सुरुवात करू. अल लागला: 'नॅ-श-नल्. आघात जागेवरच, पण “ने”चा “नॅ” झाला. पुढे इंटर जोडला: इन्-टर्-'नॅ-श-नल्. आइझ लागला, आघात ढळला नाही. मग एशन लागला आणि आघात उचलून स्वतःच्या “झे”वर घेऊन गेला: इन्-टर्-नॅ-श-न-लाय्-'झे-शन्. स्पेलिंगमध्ये वीस अक्षरं. सॉफ्टवेअरवाले लोक पहिलं आय आणि शेवटचं एन ठेवून मधल्या अठरा अक्षरांच्या जागी आकडाच लिहितात: आय१८एन. लिहिताना ती सोय आहे, बोलताना मात्र “झे” गाठावाच लागतो.

“ने”चा “नॅ” का झाला, हेही पाहून ठेवा, कारण ही खोड पुष्कळ ठिकाणी दिसते. शेवटाला सिलॅबल वाढली की मुळातला लांब स्वर आखूड होतो. 'ने-चर्, पण 'नॅ-च-रल्. डि-'व्हाइन्, पण डि-'व्हि-न-टी. 'सेन्, पण 'सॅ-न-टी. प्रनाउन्स क्रियापदावरून नाम करताना “नाउन” जाऊन “नन” येतो, तोही याच वाटेने: प्र-नन्-सि-'ए-शन्. “प्रोनाउन्सिएशन” असं म्हणणारे खूप आहेत, आणि ते तर्काला धरून बोलतात. पण शब्द तसा नाही. अपवाद आहेतच. ओबीसचं ओ-'बी-स-टी होताना “बी” लांबच राहतो.

प्रत्ययावरून कळत नसेल तर लघु-गुरू लावा

काही प्रत्यय स्वतः निर्णय घेत नाहीत. अल, अन्ट, अन्स यांनी संपणारे शब्द पाहा: प-'रेन्-टल्, पण 'पर्-स-नल्. कन्-'सिस्-टन्ट्, पण 'कॉन्-फि-डन्ट्. डि-'पेन्-डन्ट्, पण 'डि-फ-रन्स्. हे शब्द एकेक करून पाठ करायला लागलात तर थकून जाल.

लॅटिनमधून आलेली ही व्यवस्था आहे आणि वृत्त शिकलेल्या मराठी माणसाला ती ओळखीची वाटेल. शेवटचं सिलॅबल सोडून द्या. त्याच्या आधीचं, म्हणजे शेवटून दुसरं सिलॅबल पाहा. ते गुरू असेल, म्हणजे त्यात दीर्घ स्वर असेल किंवा त्याच्यानंतर जोडव्यंजन येत असेल, तर आघात तिथे. लघु असेल तर आघात आणखी एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर. पेरेंटलमध्ये “न्ट” आहे, म्हणून “रेन्” गुरू, आघात तिथे. पर्सनलमध्ये “स” लघु, म्हणून आघात “पर्”वर. ॲक्-सि-'डेन्-टल् मध्ये “डेन्” गुरू. अ-'रि-जि-नल् मध्ये “जि” लघु, म्हणून एक पाऊल मागे. नावांनाही हे लागू पडतं: अ-'जेन्-ड, अ-'रो-म गुरूवर थांबतात, तर 'सि-न-म, अ-'मे-रि-क मागे जातात. डेव्हलपमेंटमध्ये आघात “व्हे”वर होता. त्याला अल लागला की “मेन्ट्”चं जोडव्यंजन गुरू ठरतं आणि आघात तिकडे जातो: डि-व्हे-लप्-'मेन्-टल्. जोडव्यंजन कानाने तपासा, डोळ्यांनी नको. स्पेलिंगमधली जुळी अक्षरं इंग्रजीत एकच वाजतात.

वृत्तातला लघु-गुरूचा सराव परीक्षेनंतर कुणी वापरत नाही. इंग्रजी आघात शिकताना तो इतका उपयोगी पडावा, याचा मला दर वेळी आनंद होतो.

एक शब्द जवळून

रिस्पॉन्सिबिलिटी हा शब्द मुद्दाम घेतो, कारण कामाच्या ठिकाणी तो टाळता येत नाही आणि नेमका त्याच्यावरच मधलं सिलॅबल गळतं. “रिस्पॉन्सिब्लिटी” किंवा “रिस्पॉन्सिलिटी” असं काहीतरी बाहेर पडतं.

शेवट इटी. म्हणजे आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर: “बि”. आता शब्द शेवटाकडून बांधा आणि प्रत्येक टप्पा मोठ्याने म्हणा. टी. ल-टी. 'बि-ल-टी, इथे “बि” अंमळ लांबवा. स-'बि-ल-टी, “स” अगदी चोरटा. स्पॉन्-स-'बि-ल-टी. रि-स्पॉन्-स-'बि-ल-टी. भाषा शिकवणारे ही पद्धत जुन्या काळापासून वापरतात. पुढून बांधत गेलो तर प्रत्येक फेरीत शब्दाचा ओळखीचा भाग पाठ होतो आणि शेवट अनोळखीच राहतो. मागून बांधलं की दर वेळी अनोळखीकडून ओळखीच्या शेवटाकडे जायचं असतं, आणि आघाताची उंची दर वेळी त्याच जागी सापडते.

“स्पॉन्” हा इथला दुय्यम आघात आहे. तो “बि”इतका नसला तरी “स” आणि “ल”सारखा विरूनही जात नाही. इंग्रजीचा एक ठाम कल असा की शब्दाच्या सुरुवातीला दोन सिलॅबल लागोपाठ पूर्ण बिनआघाताची ठेवायची नाहीत. पहिल्या दोघांपैकी एकावर तरी पाऊल टेकतंच. म्हणून मुख्य आघात शेवटाकडे असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या सिलॅबलवर दुय्यम आघात शोधा. लांब शब्दात तोल जातो तो बहुतेक वेळा हा दुसरा टेकू न घेतल्यामुळे. अन्-प्रि-डिक्-ट-'बि-ल-टी म्हणून पाहा: “अन्” आणि “डिक्” टेकवले की “बि”पर्यंत सहज पोचता.

याच पद्धतीने अगदी अवाढव्य शब्दही हाताळता येतो. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मुद्दाम सर्वांत लांब शब्द म्हणून फुफ्फुसाच्या एका आजाराचं नाव घडवलं. स्पेलिंगमध्ये ४५ अक्षरं, सिलॅबल १९. पण शेवट ओसिस आहे, आणि ओसिसमध्ये आघात “ओ”वर असतो, जसा डाय्-अग्-'नो-सिस् मध्ये. उरलेला शब्द फुफ्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ अशा तुकड्यांचा आहे: न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्होल्केनो, कोनिओसिस. तुकडे माहीत असले की भीती उरत नाही.

स्पेलिंगची तक्रार याच कारणाची

अकॉमोडेट या शब्दात सी किती आणि एम किती, हा कायमचा घोळ. पाठांतराच्या युक्त्या आठवडाभर टिकतात. शब्द फोडून पाहा. पुढे लॅटिनचा “ॲड” हा उपसर्ग, त्यानंतर “कॉम” हा दुसरा उपसर्ग, मग “मोड” हे मूळ, शेवटी एट. “ॲड”मधला डी पुढच्या सीशी मिळून स्वतः सी झाला, म्हणून सी दोन. “कॉम”चा एम आणि “मोड”चा एम, म्हणून एम दोन. सत् आणि जन मिळून सज्जन होतं, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तीच संधी इथे आहे. लॅटिनमध्ये ती घडून गेली आणि इंग्रजीने स्पेलिंगमध्ये तिचा पुरावा जपून ठेवला.

“ॲड”ची ही संधी असिस्ट, अटेंड, अपिअर, अफेक्ट या सगळ्यांत आहे, म्हणून त्यांत जुळी अक्षरं. “कॉम”ची संधी कलेक्टमध्ये, करेक्टमध्ये, कमिटीत. नकारार्थी “इन” पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: इलीगलमध्ये एल दोन, इरेग्युलरमध्ये आर दोन, इमॅच्युअरमध्ये एम दोन. उपसर्ग कुठे संपतो हे ओळखलं की जुळं अक्षर आपोआप लिहिलं जातं.

शेवटचं व्यंजन दुप्पट करायचं की नाही, हेही आघातच ठरवतो. रि-'फर् मध्ये आघात शेवटच्या सिलॅबलवर, म्हणून भूतकाळात आर दोन. 'ऑ-फर् मध्ये आघात पहिल्यावर, म्हणून आर एकच. बि-'गिन् ला इंग लागताना एन दोन, 'ओ-पन् ला एकच. प्रि-'फर् चा भूतकाळ दोन आरचा, पण प्रेफरन्समध्ये आघात 'प्रे-फ-रन्स् असा पहिल्यावर सरकतो, म्हणून तिथे आर पुन्हा एकच. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये एलच्या बाबतीत हा नियम पाळत नाहीत, ट्रॅव्हलला आघात पहिल्यावर असूनही एल दोन करतात.

विरलेला स्वर ए आहे की ओ की आय, हे कानाला कळत नाही. तेव्हा घराण्यातला असा भाऊ शोधा ज्याच्यात त्या जागी आघात आहे. ग्रामरच्या शेवटी ए की ई? ग्र-'मॅ-टि-कल् म्हणा, “मॅ” ऐकू येतो, म्हणजे ए. ऑथरमध्ये ओ की ई? ऑ-'थॉ-र-टी सांगतो की ओ. कॉम्पिटिशनच्या मध्ये आय की ई? कम्-'पीट् मध्ये ई आहे. शिकणाऱ्यांना मी यापेक्षा उपयोगी युक्ती दिलेली मला आठवत नाही.

नियम लावूनही चुकतंय

इक गटातले काही नेहमीचे शब्द बंड करतात: 'पॉ-ल-टिक्स् आपण पाहिलाच, शिवाय 'कॅ-थ-लिक्, 'ॲ-र-बिक्, 'लू-न-टिक्, आणि गणिताच्या अर्थाने नाम असलेला अ-'रिथ्-म-टिक्. शन-झन गटातला ठळक अपवाद 'टे-लि-व्हि-झन्. एवढे वेगळे लिहून ठेवले की पुरे.

काही शब्द दोन कामं करतात. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट, परमिट हे नाम असताना आघात पहिल्या सिलॅबलवर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर: 'रे-कॉर्ड्, पण रि-'कॉर्ड्. मात्र रिपोर्ट, सपोर्ट यांत असा बदल होत नाही. एटने संपणाऱ्या शब्दांत आघात जागचा हलत नाही, शेवटचा स्वर बदलतो. सेपरेट क्रियापद असेल तर 'से-प-रेट्, विशेषण असेल तर 'से-प्रट्.

काही शब्दांत स्पेलिंगपेक्षा सिलॅबल कमी असतात, आणि पूर्ण म्हणायला गेलं की कृत्रिम वाटतं. 'कम्फ्-ट-बल्, 'व्हेज्-ट-बल्, 'इन्-ट्र-स्टिंग्, 'टेम्-प्र-चर्. इथे सिलॅबल गळणंच योग्य आहे. रिस्पॉन्सिबिलिटीत ते गळू द्यायचं नाही, कारण गळलेलं तिथे आघाताचं असतं. आघाताचं सिलॅबल कधीच गळत नाही, हीच पारख.

शब्दकोशातल्या ठिपक्यांनीही गोंधळ होतो. मूळ शब्दात मधूनमधून दिलेले ठिपके बहुतेक कोशांत ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगण्यासाठी असतात. उच्चाराची सिलॅबल त्यांच्याशी दर वेळी जुळत नाहीत. अमेरिकन छपाईत उच्चाराकडे जास्त पाहतात, ब्रिटिश परंपरेत व्युत्पत्तीकडे, त्यामुळे नॉलेज हा शब्द दोन्हीकडे वेगळ्या जागी तुटतो. बोलण्यासाठी ठिपके बघू नका, त्यापुढे दिलेलं उच्चारलेखन बघा. त्यात वरची उभी रेघ मुख्य आघाताची, खालची दुय्यम आघाताची, आणि ती सिलॅबलच्या आधी येते. काही अमेरिकन कोश मात्र खूण सिलॅबलच्या नंतर देतात. कोश बदललात तर त्याच्या सुरुवातीची सूचना एकदा वाचाच, नाहीतर प्रत्येक आघात एका घराने सरकेल.

लॅबोरेटरी, ॲडव्हर्टाइझमेंट यांसारख्या शब्दांत दोन कोश वेगवेगळं सांगत असतील तर दोन्ही बरोबर असू शकतात. ब्रिटिश ल-'बॉ-र-ट-री म्हणतो, अमेरिकन 'लॅब्-र-टॉ-री. एक बाजू निवडा आणि तिच्यावर राहा. एकाच संभाषणात दोन्ही आले तर ऐकणारा गोंधळतो.

जमलं की नाही, कसं तपासायचं

कोशातला आवाज ऐकून लगेच त्याच्यामागे म्हणणं सगळेच करतात, आणि त्या क्षणी जमतंही. खरी तपासणी तो शब्द वाक्यात घालून, काही वेळाने, काही न ऐकता बोलण्यात आहे. स्वतःचा आवाज मुद्रित करा आणि ऐकताना एकच प्रश्न विचारा: सर्वांत लांब सिलॅबल कोणतं वाजलं? ध्वनी शुद्ध आहेत का, हे नंतर. फोनमधलं बोलून टाइप करण्याचं साधनही उपयोगी आहे, पण शब्द एकटाच बोला. वाक्यात बोललात तर ते साधन आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधून चुकलेला उच्चारही बरोबर लिहून देतं.

शब्दांची यादी करायची तर एकेकटे शब्द लिहू नका, घराणी लिहा. एका ओळीत मूळ, त्याचं क्रियापद, नाम, विशेषण, आणि प्रत्येकावर उभी रेघ. इ-'कॉ-न-मी, ई-क-'नॉ-मिक्, इ-'कॉ-न-मिस्ट्. ही ओळ मोठ्याने वाचताना आघात सरकताना कानाला जाणवतो, आणि नवा भाऊ भेटला तर तो कुठे बसेल याचा अंदाज येऊ लागतो.

आणि बोलता बोलता शब्दात अडकलातच, तर मधल्या सिलॅबलवरून दुरुस्ती करत पुढे जाऊ नका. “रिस्पॉन्सि... बिलि... बिलिटी” असं ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याला हवी असलेली लय तुटलेली असते. थांबा, मनात शेवट पाहा, लांब सिलॅबल ठरवा, आणि शब्द पहिल्यापासून एका दमात म्हणा.